पालथी पावले

ओल्या लुगड्याचा दगडावर पडणारा आवाज ऐकला की माझे मन आजही जागेवर राहत नाही. धप्प, मग पाण्याची चुळचुळ, पुन्हा धप्प! तेवढ्याने मी ब्रह्मपुरीजवळच्या एका बोडीच्या, शेतातल्या त्या छोट्या तळ्याच्या काठी जाऊन उभा राहतो, आणि कुणाला तरी उत्तर द्यायचे राहिले आहे हे आठवून अस्वस्थ होतो.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षे. मी तिथल्या महाविद्यालयात इतिहास शिकवत असे, आणि खरे सांगू? फार मिजाशीत शिकवत असे. वैनगंगेच्या काठाने सार्थवाहांचे तांडे जात, त्यांच्या दानातून स्तूप उभे राहत, विहारांत दिवे तेवत. व्यापाराची वाट दुसरीकडे वळली की ते दिवेही मंद होत. पुढे वाकाटकांच्या घरी उत्तरेच्या बलाढ्य गुप्तांची लेक सून होऊन आली आणि तिच्यामागोमाग तिच्या विष्णूचे माहात्म्यही या मुलखात वाढले. राजा आपला देव निवडतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा तो देव शेजारचा राजाच निवडून देतो, असे मी फळ्यासमोर सांगे. मुले ते वहीत उतरवून घेत. ते वाक्य माझे मलाच फार आवडे.

एका उन्हाळ्यात सुमनबाईंचा निरोप आला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. बौद्ध वस्तीतल्या या बाईंची धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आणि ती बोडी, एवढीच मालमत्ता. बोडीतला गाळ उपसताना कुदळीला शिळा लागली होती. त्यांनी तिच्यावरचे पोते बाजूला केले आणि मी तिच्यावर वाकलो. दोन कोरीव पावले, झिजून गुळगुळीत झालेली, आणि दोन्ही तळव्यांवर पुसट चक्र! किती माथी इथे टेकली असतील?

“सर, हे आपल्या बुद्धाचे पाय हायेत का?” बाईंनी विचारले. “पाटलाच्या कानावर गेलं, काईतरी देवाचं निघालं म्हणून. त्याच्या विष्णूच्या मंदिरात मांडतो म्हणून राह्यला. त्याच्याच तलावाचं पाणी माया बांधीले येते. पण तुमी सांगतलं तर मी त्याले नाई म्हणीन.”

माझे मन म्हणत होते, बुद्धाचेच. पण चक्र विष्णुपदांवरही असते, शिळेवर एकही अक्षर नव्हते, आणि पाटील आमच्या महाविद्यालयाच्या मंडळावर होते. पहिली दोन कारणे मी बाईंना सविस्तर समजावून सांगितली. तिसरे गिळले. “निश्चित सांगता येत नाही, बाई,” म्हणालो आणि सायकल काढली.

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी झाली, पावसाळा सरला. वर्गात मी वाकाटकांपाशी आलो की त्या मुलीच्या बाकाकडे बघणे टाळत असे. माझी मलाच लाज वाटत होती. शेवटी धान कापणीला आले तेव्हा न राहवून मी गेलो. बोडीच्या काठी बाई एका सपाट दगडावर लुगडे आपटत होत्या. मी पावलांची चौकशी केली. त्यांनी बोटाने त्याच दगडाखालचा चिखल दाखवला.

“उलटा केला, सर,” त्या हसल्या. “पाटील आला तं मी तुमचंच सांगतलं. सर पाहून गेले, त्यायलेई काई सांगता येत नाई म्हटलं. धुण्याच्या गोट्याले कोण नेते?” मग हसू आवरून म्हणाल्या, “तुमाले सांगता येईन तवा सुलटा करू.”

पाटलांच्या तलावाचे पाणी बांधीला वेळेवर मिळाले होते. धान उत्तम आले होते. मी जवळ जाऊन त्या ओल्या शिळेवर हात ठेवला. कुठल्या श्रेष्ठीने ती कोरवून घेतली असेल, कुठल्या राजवटीत ती मातीखाली गेली असेल, कोण जाणे! बाई हातातले लुगडे तसेच धरून थांबल्या होत्या. एका शब्दाचे काम होते. मी म्हणालो, “पीक चांगलं आहे यंदा.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मी हात काढून घेण्याची वाट पाहिली.

मग धप्प. अजूनही कुठे तो आवाज कानी आला की मला कळते, तो दगड पालथाच आहे.