मारुतीभोवतीच्या उलट्या फेऱ्या

धाकटी जाऊ भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, तेव्हा तिचं बाळ दोन महिन्यांचं होतं. दूध पाजायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. सासूबाईंच्या मते बाहेरचं लागलं होतं. त्यांनी ताईत बांधला. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर असा मनाचा आजार होतो, नागपूरला नेऊन काही महिने औषध द्या. ताईतासाठी घरच्या दुकानाच्या गल्ल्यातून पैसे निघाले होते, नागपूरसाठी निघेनात.

मग मी भिशीतल्या बायका गोळा केल्या आणि नाचणगावच्या शाळेचं मैदान मागून घेतलं. पीटीच्या सरांनी कुठेसं वाचलं होतं, की माणसं धावतात आणि ओळखीचे लोक दर फेरीमागे पैसे देतात. आम्ही चालायचं ठरवलं. पाणी, चुन्याच्या रेघा, पोरं सांभाळणं, सगळं वाटून दिलं. पाटी मी स्वतः रंगवली: ‘बाळंतिणीच्या मनासाठी फेऱ्या’.

चूक तिथेच झाली. मैदानाच्या मधोमध मारुतीचा ओटा आहे. फेऱ्या म्हटल्यावर गावाला नवसच कळला. सकाळी लोक नारळ घेऊन हजर. एकीने वाकून विचारलं, “पोरगा होते का वो यानं?” मी साडीखालच्या कॅनव्हासच्या बुटांची नाडी बांधली आणि तिला पाटी दाखवली.

सरांनी शिट्टी फुंकली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे डावा हात आत ठेवून आम्ही निघालो. थोड्याच वेळात सासूबाई ओरडल्या, “अवं थांबा! मारुतीले डाव्या हाताले घेऊन काऊन चालून राह्यल्या? उलटी प्रदक्षिणा हाय हे!”

“आजी, ऑलिम्पिकमध्ये असंच धावतात,” सर म्हणाले.

“त्याईच्या मैदानात मारुती नसन!”

फेरीमागे पैसे कबूल केलेला किराणावाला लगेच म्हणाला, “मंग उलट्या फेऱ्या वजा करा.”

अर्ध्या बायका वळल्या, अर्ध्या वळल्या नाहीत. कोपऱ्यावर धडक झाली आणि पाण्याची बादली सरांच्या अंगावर गेली. सासूबाईंनी पदर खोचला आणि आमच्या फेऱ्या उलगडायला एकट्याच सुलट्या निघाल्या, समोर येणारीला ढकलत. “माफ कर देवा, सुना अडाणी हायेत माह्या!”

कडुनिंबाखाली बाळ घेऊन बसलेली जाऊ खळखळून हसली.

मैदान थबकलं. सासूबाईंनी हात जोडले. “हासली! उतरलं सारं! आता काऊन पाह्यजे नागपूर?” किराणावाल्याने पाकीट परत खिशात घातलं. सगळी तयारी त्या एका हसण्याने बुडणार होती.

जाऊ उठून उभी राहिली. “आत्याबाई, तुमाले पाहून हासली मी. घरी गेली का पुन्हा भिंतच हाय. मले नागपूरले जाचं हाय.”

दोन महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती.  सासूबाई किराणावाल्याकडे वळल्या. “काढा पाकीट. दोन्हीकडच्या फेऱ्या मोजा.” आणि आम्हाला, “पर आता चालजा सुलट्या.”

पुढच्या आठवड्यात पुलगावहून आम्ही तिघींनी गाडी धरली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं. दवाखान्यात जाऊ सरळ जाऊन खुर्चीवर बसली. सासूबाई मात्र डॉक्टरांचं टेबल उजव्या हाताला ठेवून, पूर्ण वळसा घालून बसल्या.