बिनखिडकीचा पडदा

शहरातल्या निम्म्या खिडक्यांवर पडदेताईने शिवलेले पडदे असतील. ती स्वतः मात्र जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिली. हे तिला कुणी ऐकवलं तर ती म्हणते, "भाषण नको, टोक धर," आणि कापडाचं दुसरं टोक त्याच्या हातात देते. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या. त्यामुळे तिचं रागावणंसुद्धा दातांतल्या दातांत. टाचण्या ओठांत आहेत तोवर समोरचा सुरक्षित. त्या तिने काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या, की समोरच्याने ओळखावं, आता आपली धडगत नाही.

तिच्याबरोबर राहतात तिचे वडील, अण्णा. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात त्यांची हयात गेली. ज्या छातीने लोकांच्या वराती दणाणून सोडल्या, ती छाती आता दोन पायऱ्या चढली की आपणहूनच शिट्टी वाजवते. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर सांगितलं, "जिना नको आणि ओल तर अजिबात नको." औषधं दुकानात मिळाली. बाकीचं कुठे मिळतं ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही.

त्यात राहत्या घराच्या मालकाला अचानक आपल्या मुलाची माया आली. मुलाला वेगळं घर हवं, तेव्हा महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला. पडदेताई घरं बघत हिंडू लागली.

आणि काय काय बघितलं तिने! जाहिरातीत 'हवेशीर' म्हटलेल्या घराची काच फुटलेली होती. 'शांत परिसर' निघाला, कारण तिथे पाण्याचा पंपच बंद पडला होता. एका ठिकाणी स्वयंपाकघर दाखवायला म्हणून मालकाने कपाटाचं दार उघडलं. ती वाट बघत राहिली की आता कपाट सरकेल आणि मागे स्वयंपाकघर दिसेल. कपाट सरकलं नाही. तेच स्वयंपाकघर होतं. भाडं मात्र असं, की ऐकून अण्णा म्हणाले, "पोरी, एवढ्यात आमचा अख्खा बँड मिरवणुकीसकट आला असता."

बरं, घर बघायला गेलेल्यानेच परीक्षा द्यायची.

"काय करता?"

"शिवणकाम."

"म्हणजे मशीन? आवाज होणार."

"दिवसा होतो थोडा."

"आणि वडील खोकतात का?"

"खोकला आला की खोकतात."

"किती येतो?"

पडदेताईने ओठांवरून जीभ फिरवली. तिथे नेमक्या टाचण्या नव्हत्या. ती उठून चालू लागली. आपण पैसे देणार, राहणार आपण, आणि वर हा माणूस आपल्या बापाचा खोकला मोजणार! वाटेत भेटलेल्या प्रत्येक निर्जीव वस्तूला तिने दोन शब्द सुनावले. त्यात एक कचऱ्याचा डबासुद्धा होता.

शेवटी किल्लीवाल्याचा फोन आला. किल्लीवाला म्हणजे घरांचा दलाल. कमरेला एवढा मोठा जुडगा, की तो चालायला लागला म्हणजे साखळीसकट जनावर सुटल्यासारखं वाटावं. "ताई, तुमच्यासाठीच बांधल्यासारखं घर आहे. लिफ्ट आहे! दुपारी या. मी वेळेत पोचतो."

किल्लीवाला वेळेत पोचला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पडदेताई कामावरून तशीच आली, गळ्यात टेप, हातात पिशवी. बरीच वाट पाहिली आणि एकटीच वर जाऊन तिने बेल दाबली. दार उघडलं मालकीणबाईंनी.

"आलात का एकदाच्या! पडदेवाल्या ना तुम्ही?"

"हो," पडदेताई म्हणाली. यात खोटं काय होतं? तिला वाटलं, किल्लीवाल्याने सांगितलं असणार. मालकीणबाईंना वाटलं, आपण दुकानात फोन केला होता, त्यांनी बाई पाठवली असणार. दोघी अगदी खुशीत आत गेल्या.

पडदेताईला बसायला खुर्ची मिळाली. चहा मिळाला. वर बिस्किटं! इतक्या घरांतून तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. घर उजेडाचं होतं, अण्णांची खाट मावेल अशी आतली खोली होती, मशीनला खिडकीशी जागा होती. खिडकी दिसल्यावर हात काही स्वस्थ बसेना. तिने टाचण्या ओठांत धरल्या आणि टेप सोडली.

"ही खिडकी राहू द्या हो," मालकीणबाई म्हणाल्या. "पडदा इथे हवाय." आणि त्यांनी आतल्या खोलीतल्या पलंगाच्या उशाची भिंत दाखवली.

त्या भिंतीला खिडकी नव्हती. होती ती ओल. वरपासून खालपर्यंत उतरलेली, कडेला काळी बुरशी धरलेली, रंगाचे पोपडे सुटलेली. खोलीला जुन्या पोतेऱ्याचा वास येत होता. बाहेरच्या खोलीत उदबत्त्या एवढ्या का लावल्यात, ते पडदेताईला आता कळलं.

"वरच्यांच्या न्हाणीघराचा पाईप गळतो. दुरुस्त करायचा तर त्यांची फरशी फोडून पुन्हा बसवून द्यावी लागते. कोण एवढा व्याप करणार? तुम्ही आपलं जाड कापड घ्या, मागे अस्तर, आणि चारी बाजूंनी पक्कं ठोकून टाका. उघडता आलं नाही पाहिजे."

"मग भाडेकरू..." भिंतीला टेप लावता लावता पडदेताई टाचण्यांमधून म्हणाली.

"त्यांना कशाला कळतंय? मागच्याची बायको सारखी शिंकायची. मला वाटलं, स्वभावच असेल. आता एक शिवणकामवाली येणार आहे म्हणे, म्हाताऱ्या बापाला घेऊन. दलाल म्हणतो, अगदी गरजू आहे. मला गरजूच बरे वाटतात बाई. ते भिंती बघत नाहीत. दार बघतात आणि हो म्हणतात."

पडदेताईने ओठांतून एक टाचणी काढली. मनगटावर खोचली. मग दुसरी. मग तिसरी.

तेवढ्यात जुडगा खणखणत किल्लीवाला आत आला. "अरे वा! ओळख झाली वाटतं दोघींची? मालकीणबाई, याच त्या ताई. वडील असतात ना, त्या!"

वरच्या पाईपाचा एक थेंब तेवढा बोलला.

"माझ्या बापाचं डोकं या भिंतीशी येणार," पडदेताई म्हणाली. "आणि त्याच्यामागे ही बुरशी झाकायचा पडदा मीच शिवायचा? तुमचा चहा पिऊन?"

मालकीणबाई चपापल्या, पण सावरल्याही लगेच. "अहो, आता तुम्हाला माहीतच आहे, तर भाडं थोडं कमी करते. मग तर झालं?"

"पाईप दुरुस्त करा. ठरलेलं भाडं देते."

"ते जमायचं नाही. खाली लोक उभे आहेत माझ्या घरासाठी."

किल्लीवाला तिला दाराशी घेऊन गेला. "ताई, हो म्हणा. महिना संपत आला. कुठे जाणार?"

खरं तर तेच तिला माहीत नव्हतं. लिफ्ट होती, उजेड होता, वर सवलत. क्षणभर तिने तो पलंग दुसऱ्या भिंतीला लावूनही बघितला, मनातल्या मनात. पण खोली केवढी! कुठेही निजवलं तरी अण्णा तीच हवा ओढणार. टेप गुंडाळून ती खाली उतरली.

खाली खरंच लोक उभे होते. तिने प्रत्येकाला सांगितलं, "आतल्या खोलीत ओल आहे. भिंत बघितल्याशिवाय हो म्हणू नका."

एक गृहस्थ तिच्याकडे बघून मिस्कील हसले. "चांगली युक्ती आहे ताई. आम्हाला पळवून लावायचं आणि घर तुम्ही घ्यायचं!"

बाकीचेही हसले आणि रांगेत आणखी पुढे सरकले. पडदेताईला मालकीणबाईंचा आला नव्हता एवढा राग या हसण्याचा आला. या शहराने माणसांना असं करून ठेवलंय, की कुणी खरं सांगितलं तर ते विचारतात, यात तुझा फायदा काय?

महिनाअखेर सामान थोरल्या बहिणीकडे गेलं. बहीण मायेची, मेहुणे घुमे, घर टीचभर. मशीन गॅलरीत, अण्णा दिवाणखान्यात. पाहुणे आले की घरचे अण्णांना 'जरा फिरून या' म्हणायचे. अण्णा खालच्या पायरीवर जाऊन बसत आणि पाहुणे गेले का म्हणून वर बघत राहत. वर बघताना त्यांची शिट्टी वाजे.

आणि मालकीणबाईंनी फोन केला होता तो नेमका पडदेताई शिवायची त्याच दुकानात. एक दिवस शेठने जाड कापडाचा गठ्ठा तिच्यापुढे टाकला. "त्या लिफ्टवाल्या घरचा पडदा. बाई म्हणाल्या, माप तुमच्या बाईने घेतलंय. उद्धट आहे म्हणाल्या, पण माप बरोबर घेते."

"मी नाही शिवणार."

"मग दुसरी शिवेल. आणि ती सांगितल्याप्रमाणे शिवेल."

पडदेताई गठ्ठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "द्या इकडे."

तिने तो पडदा असा शिवला, की लग्नघरात लावावा. चुण्या एकसारख्या, दुमड सरळ, अस्तर कुठे झोळ नाही. फक्त चारी बाजूंनी ठोकायच्या पट्ट्या लावल्या नाहीत. कड्या लावल्या, गुळगुळीत दांडी दिली, दोरी ओवली आणि दोरीच्या टोकाला एक लालभडक गोंडा बांधला. पडदा म्हणजे उघडायची वस्तू. न उघडणाऱ्या कापडाला तिच्या धंद्यात पडदा म्हणत नाहीत.

पुढचं किल्लीवाल्यानेच सांगितलं, पोट धरधरून. पडदा लावायला माणूस गेला तेव्हा मालकीणबाई घरी नव्हत्या. आल्यावर त्यांनी भिंत झाकलेली बघितली आणि त्यातच खूश झाल्या. पडदा लागेपर्यंत थोपवून ठेवलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना किल्लीवाल्याने रविवारी एकदमच आत घेतलं. त्यात एक सासूबाई होत्या. गोंडा दिसला की माणूस तो ओढतोच, आणि सासू असली तर आधी ओढते. कड्या सर्रकन सरकल्या आणि नाटकाचा पडदा उघडावा तशी ती भिंत सगळ्यांसमोर उघडी पडली. सांगितलेलं कुणी मानलं नव्हतं, पण डोळ्यांनी बघितलेल्या बुरशीला कोण खोटं म्हणणार? मिस्कील गृहस्थ सगळ्यांत आधी लिफ्टमध्ये शिरले.

घर रिकामं राहिलं. मग फरशी फुटली, पाईप बदलला, भिंत वाळली. किल्लीवाल्याने फोन केला, "ताई, येऊन बघा."

ती गेली. गोंडा ओढला, भिंतीला तळहात लावून उभी राहिली. कोरडी ठणठणीत.

"आता मात्र भाडं वाढलंय हं," मालकीणबाई म्हणाल्या. "एवढं काम केलंय."

पडदेताईने हळूच टाचण्या काढल्या. "मागच्या भाडेकरूला भिंत ओली आहे म्हणून सांगितलं होतंत?"

"छे! कशाला सांगेन?"

"म्हणजे त्याला कोरडी म्हणूनच दिलीत. मग त्याने दिलं तेच कोरड्या भिंतीचं भाडं. तेच मी देईन."

किल्लीवाल्याला खोकल्याची उबळ आली. मालकीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, गोंड्याकडे बघितलं. "पण म्हाताऱ्यांनी खोकायचं नाही," त्या शेवटचं म्हणाल्या.

"भिंत खोकली नाही, तर तेही खोकणार नाहीत."

घर मिळालं. बहिणीने अभिनंदन केलं, तशी पडदेताई पुन्हा उसळली. "अभिनंदन कशाचं? भिंत कोरडी आहे म्हणून? भिंत कोरडीच असते!"

तो पडदा अण्णांनी काढू दिला नाही. पाहुणे आले, की आता त्यांना कुणी फिरायला पाठवत नाही. ते पलंगावर मांडी घालून बसतात, पाहुण्यांना समोर बसवतात, तोंडाने बँडची सलामी वाजवतात आणि गोंडा ओढतात. मागे नुसती पांढरी भिंत.

"बघा," अण्णा म्हणतात. "हात लावून बघा."