चिंचेखालच्या टाळ्या

कॉलेजात असताना मी आमच्या सरांबरोबर डोळखांबकडच्या एका पाड्यावर वटवाघळांच्या मोजणीला मदतनीस म्हणून गेले होते. वनखात्याचं परवानगीपत्र इंग्रजीत होतं, म्हणून त्यातल्या अटी लोकांना मीच मराठीत सांगितल्या. पिल्लांचे दिवस आहेत, वटवाघळं लटकतात त्या चिंचेपासून पन्नास पावलं लांब राहायचं, आवाज करायचा नाही.

शेजारच्या घरातली म्हातारी हसली. "आमाला काय शिकवतेस गो? इथनं वरात जाते तवा आमी वाजा पन बंद ठेवतो."

दुपारी दाट फांद्यांतली वटवाघळं काही नीट मोजता येईनात. तेव्हा आमचे सर थेट झाडाखाली गेले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळं झाड एकदम काळं होऊन आभाळात उठलं.

"मोज, मोज लवकर!" सर ओरडले.

माझ्या पायाशी काहीतरी पडलं. मुठीएवढं पिल्लू होतं, तोंड उघडं. सर झाडाकडे निघाले तेव्हाच मला अट आठवली होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

म्हातारीने पिल्लू पळसाच्या पानावर उचललं. ते हलेना.

"तुज्या सायबाला नाय गो वाचून दाखवलंस?" तिने विचारलं.