हिरव्या झेंडीची गाडी

आर्मी सर्व्हिस कोअरमधून हवालदार म्हणून पेन्शन घेतली आणि वर्षभरात मी दम्मामला रुजू झालो. आमच्या कोअरच्या माणसाला दुसरं येतं तरी काय? गाड्या न्यायच्या आणि गाड्या आणायच्या. कंपनीचं काम तेच होतं. दम्मामला ट्रेलर भरायचे, अल खफजीला न्यायचे, सीमेवर कस्टम्सच्या रांगेत लावायचे. तिथून पुढे कुवेत. माझा हुद्दा कॉन्व्हॉय सुपरवायझर. गणवेश म्हणून एक निळी टोपी मिळाली. तिच्यासकट फोटो गडहिंग्लजला पाठवला, तर फोनवर बायको म्हणाली, "पेट्रोल पंपावर लागलासा काय?"

इराकची लढाई होऊन एक-दोन वर्षं झाली होती. उत्तरेकडे माल नेणाऱ्या ट्रेलरना अंत नव्हता आणि रस्त्याचं काम कायम चालू. खफजीच्या अलीकडे आज एक वाट उघडी, तर पुढच्या आठवड्यात तीच खणलेली. वळणवाटेला तिकडे तहवीला म्हणतात. पिवळ्या पाटीवर अरबीत एवढाच शब्द आणि एक बाण. बाण वाऱ्याने फिरला तरी पाटी तशीच उभी. जो ट्रेलर चुकेल तो गावात घुसायचा, तिथे ट्रकना बंदी, मग पोलीस त्याला मागे पाठवणार आणि तो रांगेच्या शेपटाला. तिथून सीमा ओलांडायला कधीकधी दोन दिवस लागत.

हा शब्द आमच्या कॅम्पमध्ये इतका मुरला की रजा पुढे ढकलली गेली की लोक म्हणायचे, "माझ्या रजेला तहवीला लागली." घरी फोन लागला नाही, तहवीला. डाळ संपली, भातावर दही, तरी तहवीला. हसायचो सगळे. पण रजेचं ऐकून हसणाऱ्याचं तोंड लगेच उतरायचं.

पहिल्या महिन्यात तीन ट्रेलर चुकले तेव्हा मी मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, सांगितलं की हे काम फौजी पद्धतीने करू. पद्धत साधी आहे. पुढे लीड व्हेइकल, तिच्यावर निळी झेंडी. सगळ्यात मागे टेल व्हेइकल, तिच्यावर हिरवी झेंडी. जिथे रस्ता फुटतो तिथे एक पॉइंटमन उतरवायचा. तो प्रत्येक गाडी वळवतो. हिरवी झेंडी आली की शेवटच्या गाडीत चढून तो पुढे येतो. हिरवी झेंडी दिसेपर्यंत पॉइंटमनने जागा सोडायची नाही. रिक्रूटला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

पॉइंटमन होता दत्ताराम पालव. वेंगुर्ल्याकडचा, माझ्याच बटालियनमधून नाईक म्हणून रिटायर झालेला. लेहच्या रस्त्यावर आम्ही दोघांनी बर्फात गाड्या काढल्या होत्या. त्याला इथे मीच बोलावून घेतलं. मला हवालदारानू म्हणायचा, पण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि बोलायला माझा बाप.

टेल व्हेइकल चालवायचा गुल जमान, पेशावरकडचा पठाण. आमच्या दोघांचं आधीचं आयुष्य त्याच्या मुलखाकडे तोंड करून बंदूक धरण्यात गेलेलं. पहिले दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पालवने हिरवी झेंडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "ले खान, रंग तुम्हारा, हुकूम हमारा." गुल जमान इतका हसला की ट्रेलरचं दार धरून उभा राहिला. त्यानंतर पालवला तो घरून आलेले अक्रोड द्यायचा आणि पालव त्याला कोकमचं सरबत पाजायचा.

एक गोष्ट मात्र पालवला शेवटपर्यंत जमली नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे को-ड्रायव्हर डाव्या दाराने चढतो. सुरुवातीला आम्ही सगळेच डाव्या बाजूला जायचो आणि ड्रायव्हरच्या तोंडासमोर उभे राहायचो. बाकीचे सुधारले. पालवचे पाय सुधारले नाहीत. गुल जमान काचेतून डोकं काढून ओरडायचा, "ओ इंडिया, ये मेरा दरवाजा है!" मग पालव बॉनेटला वळसा घालून पलीकडे जायचा.

रांगेत गाड्या लागल्या की मी आणि पालव खफजीच्या किनाऱ्यावर बसायचो. तिथला समुद्र शांत, लाटा नावालाच. पालव पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभा राहायचा.

"ह्याच पाणी आमच्याकडे जाता मा, हवालदारानू?"

"फिरून फिरून जात असेल."

"मगे पाण्याक बरा. तेका इकाम्याचो परवानो नको, कफील मालक नको."

मी घाटावरचा माणूस, मला समुद्राचं काही नाही. पण त्याच्याकडे बघून मलाही गाव दिसायला लागायचं. मला हिरण्यकेशीचा डोह आठवायचा, जोंधळ्याच्या भाकरीचा वास आठवायचा, बायकोचं टोमणे मारणं आठवायचं. कामावर असताना मी हे कोणाला दाखवलं नाही. आता लिहायला हरकत नाही. मला घरी जायचं होतं, रोज जायचं होतं.

त्या दिवशी आम्ही पहाटे दम्माम सोडलं. दहा ट्रेलर होते. मी पिकअपमध्ये पुढे. दुपारी खफजीच्या अलीकडे पोचलो तर हमरस्ता पुढे खणलेला आणि ट्रकसाठी डावीकडे कच्चा फाटा काढलेला. पाटी जमिनीवर आडवी पडली होती. सरळ जाणारा ट्रेलर खड्ड्यात जाणार, शंकाच नव्हती. मी पालवला फाट्यावर उतरवलं. पाण्याच्या दोन बाटल्या, वॉकी-टॉकी आणि लाल झेंडी दिली.

"शेवटच्या गाडीतून ये," मी म्हणालो.

"येतंय," तो म्हणाला.

नऊ ट्रेलर व्यवस्थित वळले. दहावा गुल जमानचा. त्याचा टायर मागे फुटला होता आणि तो बदलत बसला होता. तेवढ्यात धुळीचं वादळ उठलं. तिकडे त्याला शमाल म्हणतात. अर्ध्या तासात सूर्य दिसेनासा झाला आणि हवा मातकट झाली. मी कस्टम्सच्या यार्डात गाड्या लावत होतो. दुसऱ्या कंपनीचे ड्रायव्हर भलत्याच बाजूने आत येताना दिसले. विचारलं तर म्हणाले, पोलिसांनी हमरस्ता बराच मागे बंद केला, सगळ्यांना नव्या तहवीलाने पाठवतायत.

म्हणजे पालव उभा होता तो फाटा आता बंद रस्त्यावर होता. तिथे कोणीच येणार नव्हतं. मी रेडिओ घेतला.

"पालव, रस्ता मागे बंद केलाय. गाडी दुसरीकडून येईल. तू रस्त्याच्या कामाच्या केबिनमध्ये जाऊन बस. मी न्यायला येतो. ओव्हर."

"हिरवी झेंडी दिसूक नाय अजून. ओव्हर."

"झेंडी तिकडे येणारच नाही. जा केबिनमध्ये. ओव्हर."

"गुल जमानाक कोणी सांगला? ओव्हर."

गुल जमानचा सेट टप्प्याबाहेर होता.

"तो ह्याच वाटेन इलो तर सरळ खड्ड्यात जातलो," पालव म्हणाला. "मी हलूचंय नाय. ओव्हर."

मी पिकअप काढली. यार्डाच्या दारावर पोलिसाने अडवली. उलट दिशेला जायची परवानगी नाही. मी हात जोडले, इकामा दाखवला, माझा माणूस तिकडे उभा आहे म्हणून तोडक्या अरबीत सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. समोरचं काही दिसत नसताना मला त्या धुळीत सोडायची त्याची तयारी नव्हती, एवढंच. मी दारातच उभा राहिलो.

तिकडे गुल जमान बंद केलेल्या जागी पोचला होता. पोलिसाने त्याला नव्या वाटेचा बाण दाखवला. तो वळला नाही. हे मला त्याने नंतर सांगितलं. तो पोलिसाला म्हणाला, "मेरा आदमी आगे खड़ा है. मैं नहीं जाऊँगा तो वो हटेगा नहीं." बराच वेळ वाद झाला. शेवटी पोलीस कंटाळून "यल्ला, यल्ला" म्हणाला आणि त्याने रस्ता अडवायला ठेवलेलं पिंप बाजूला केलं. रस्त्याच्या कामावरचा एक पाण्याचा टँकर तिथे थांबला होता. तोही मागोमाग आत घुसला.

माझ्या रेडिओवर पालवचा आवाज आला. दमलेला, पण खुशीत.

"गाडी इली. हिरवी झेंडी दिसली. चढतंय. ओव्हर."

"शाब्बास. ये. आउट."

मी पिकअपच्या बॉनेटवर टेकलो. मनात देवाचं नाव घेतलं आणि पालवला काय काय शिव्या घालायच्या ते ठरवायला लागलो.

पुढचा आवाज गुल जमानचा होता. "हवलदार साब. हवलदार साब."

गुल जमानने ट्रेलर उजव्या कडेला घेऊन उभा केला होता. पालव समोरून आला, हात वर केला आणि नेहमीप्रमाणे डाव्या दाराकडे गेला. आयुष्यभर तो त्याच बाजूने गाडीत चढला होता. भारतात ती बाजू रस्त्याच्या कडेची, सुरक्षित. तिथे ती चालत्या रस्त्याची होती. थांबलेल्या ट्रेलरला वळसा घालून टँकर पुढे निघाला. टँकरवाल्याला धुळीत पालव दिसला नाही आणि पालवला टँकर. गुल जमानने काच खाली करून हाक मारली होती, रोजचीच हाक. ती पुरी झाली नाही.

धूळ थोडी निवळल्यावर पोलिसाने मला सोडलं. मी पोचलो तेव्हा गुल जमान रस्त्यावर बसला होता. पालवचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं आणि हिरव्या झेंडीने त्याच्या तोंडावरची धूळ पुसत होता. मला बघून म्हणाला, "मैं दूसरे रास्ते चला जाता तो ये बच जाता." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं तर तो दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर पालव संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहिला असता आणि पठाणाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो आला होता.

कागदपत्रं व्हायला बरेच दिवस गेले. मग कंपनीने मला रजा दिली आणि पालवबरोबर पाठवलं. तो खाली सामानाच्या कप्प्यात, मी वर सीटवर. ज्या घरी जाण्याची मी रोज वाट बघायचो तिकडे जाताना विमान उतरूच नये असं वाटत होतं.

युद्धात पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. दुसऱ्याच्या मुलखात पाइप आणि एसी पोचवताना पडलेल्या माजी सैनिकाचं नाव कोणी कोरत नाही, आणि तशी मागणी करण्यात अर्थही नाही. मी आपला माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेलो की दोन मिनिटांच्या मौनात त्याचं नाव मनात घेतो. नाईक दत्ताराम पालव. मला त्याची आठवण येते. समुद्र बघितला की येते, आणि एस.टी.त चढताना येते.

अंत्यविधी झाल्यावर मी त्याच्या बायकोपुढे बसलो. फौजीची बायको ती, तोपर्यंत डोळ्यांत पाणी नव्हतं. कंपनीबद्दल तिने काही विचारलं नाही. टँकर कोणाचा, चूक कोणाची, काहीच नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, ते ज्या गाडयेची वाट बघीत उभे होते, ती गाडी इली मा?"

"आली, वहिनी. झेंडी दिसली, मला रेडिओवर सांगितलं, आणि मगच तो हलला."

"मगे बरां झाला," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली.