धुराच्या अलार्मखाली

आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरात फोडणी घातली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. मोहरी तडतडली की त्याला वाटतं, घरच पेटलं! नात इथे होती तोवर त्याला गप्प करणं हे तिचं काम. टॉवेल घेऊन धावायची, स्टुलावर चढून वारा घालायची आणि ओरडायची, "आजी, यू आर बर्निंग द हाउस!" मी म्हणायची, "गप गं भवाने, आमटी ओरपताना बरी गोड लागते!"

मग ती कॅलिफोर्नियाला कॉलेजला गेली. मुलगा-सून सकाळी कामावर गेले की घरात मी आणि फ्रिजची घरघर. फोन करावा तर ती क्लासमध्ये. मेसेज लिहावा तर माझं इंग्रजी दुकानातल्या भाजीपुरतं, आणि तिला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. मुलाने माझ्या फोनवर एआय घालून दिलं. म्हणाला, "आई, तू मराठीत बोल. ते छान इंग्रजी करून देईल, तेवढं तिला पाठव."

मी रोज बोलायला लागले. ते कधी कंटाळत नाही, मधे तोडत नाही. खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त तेच बोलायचं. पण नातीकडून काय यायचं? "थँक यू आजी." नाहीतर नुसतंच एक लाल बदाम. मनात म्हटलं, गेली पोर हातातून.

एकदा दुपारी सहज त्या एआयला म्हटलं, "काल मी तिला काय पाठवलं, ते मला मराठीत वाचून दाखव बघू." आदल्या दिवशी मी बोलले होते, "अगं सटवे, जेवलीस का, की नुसता पावच चावतेस? तू नाहीस तर तो मेला अलार्म थांबत नाही, मी खाली उभी राहून त्याला शिव्या घालते."

त्याने वाचलं, "प्रिय नात, तू पौष्टिक आहार घेत असशील अशी आशा आहे. तुझी अनुपस्थिती आम्हाला जाणवते."

अहो, हे तर बँकेचं पत्र! विचारलं, "माझा अलार्म कुठे गेला? शिव्या कुठे गेल्या?"

म्हणे, "संदेश अधिक प्रेमळ वाटावा म्हणून वगळल्या."

आता त्याला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी फोडणी घालताना मी फोनचा माइक दाबून धरला. मोहरी, अलार्म, माझी बडबड, त्या एआयची चुगलीसुद्धा, सगळं जसंच्या तसं नातीला पाठवून दिलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजी, ते आधीचे मेसेज तू लिहायचीस? आय थॉट, बाबा लिहितोय तुझ्या नावाने. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाही."

"सटवे," मी म्हटलं, "आधी सांग, जेवलीस का?"

डॉक्टरच्या ऑफिसला काही कळवायचं असेल तर मी अजून त्या एआयकडूनच लिहून घेते. तिथे ते शोभतं. फोडणी मात्र मीच पाठवते. स्टुलावर चढायला गुडघे ऐकत नाहीत, टॉवेल खुंटीलाच असतो. अलार्म आपणहून थांबेपर्यंत मी त्याच्याखाली फोन उंच धरून उभी राहते.