नातीच्या पाण्याची टाकी

सर्जेराव नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हे. वालचंदनगरच्या फाट्यापाशी त्यांची पत्र्याची शेड आहे आणि गेली सदतीस वर्षं उसाच्या ट्रेलरपासून डिझेलच्या टाकीपर्यंत तिथलं सगळं वेल्डिंग त्यांच्या एकट्याच्या हातचं. गडी ठेवला की दोन महिन्यांत पळायचा, कारण जोड मनासारखा झाला नाही की हे ग्राइंडर लावून तो कापायचे आणि परत करायला लावायचे. गिऱ्हाइकानं घाई केली तर त्याला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मग दुसरीकडं जावा की." गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं आणि पुढच्या वर्षी मुकाट्यानं परत यायचं. सर्जेरावांची टाकी गळत नाही, हे इंदापूर तालुक्यात कुणालाही विचारा.

अशा माणसाला त्याच्याच लेकीनं सांगितलं, की पाण्याची टाकी मी पुण्याहून मागवते.

लेक वृषाली बारामतीला शिक्षिका. जावई अविराज यांनी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली होती आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून तिच्यात पलंग, शेगडी, भांडी घासायचं बेसिन असं सगळं बसवलं होतं. कॅराव्हॅन म्हणतात त्याला. सर्जेराव त्याला बिऱ्हाड म्हणायचे. हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. संस्कृती सात वर्षांची. आदल्या वर्षी सहलीत कुठल्यातरी धाब्यावर पाणी प्यायली आणि पोरीला कावीळ झाली. दीड महिना अंथरुणात. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायाच्या काड्या. तेव्हापासून वृषालीनं ठरवलं होतं, की फिरायला जायचं तर आपलं पाणी आपल्यासोबत, नाहीतर घरात बसायचं.

"प्लास्टिकची तयार मिळते, तात्या," ती म्हणाली. "दोन दिवसांत घरपोच."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. "गाडी कुणाची?"

"आमची."

"आन् तू कुणाची?"

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "बनवा. पण एकच सांगते. ते पाणी संस्कृतीनं बिनघोर प्यायलं पाहिजे. परत तिला तसं झालेलं मला सोसायचं नाही."

"माझी नात हाय ती," सर्जेराव म्हणाले. तेवढ्यात सगळं आलं, असं त्यांना वाटलं.

नेमक्या त्याच आठवड्यात त्यांची बायको जयवंताबाई सोमेश्वरनगरला भावाकडं गेल्या होत्या. भावजयीचा पाय मोडला होता. घरी भाकरी करून खायची आणि दिवसभर शेडमध्ये राहायचं, सर्जेरावांना कुणाची अडकाठी नव्हती. त्यांनी स्टेनलेस स्टीलचा चांगला जाड पत्रा आणला. पलंगाखालची जागा सुतळीनं तीनदा मोजली. पत्रा वाकवला, कोपरे जुळवले, आरगॉन वायूचं वेल्डिंग अशा सावकाशीनं केलं, की जोडाची रेघ शिवणीच्या टाक्यासारखी एकसारखी आली. गाडी वळणावर गेली की पाणी हिंदकळतं, म्हणून टँकरमध्ये असतात तशा दोन आडव्या पाट्या आतून बसवल्या. वर झाकण, खाली कॉक, बाजूला हवेची नळी. ऐंशी लिटर पाणी मावेल एवढी टाकी. पॉलिश केल्यावर तिच्यात स्वतःचं तोंड बघून त्यांनी मिशी पुसली.

मग परीक्षा. इथंच सगळं चुकलं, आणि ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडून ही चूक झालीच नसती. बाकीचे लोक टाकीत पाणी भरून बघतात. सर्जेरावांच्या उस्तादानं त्यांना दुसरंच शिकवलं होतं. जोडावर बाहेरून खडू कालवून फासायचा, वाळू द्यायचा आणि आतून घासलेट सोडायचं. पाणी जिथून जात नाही तिथून घासलेट जातं. केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर काळपट डाग उमटतो. डिझेलच्या टाक्यांना त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मग नातीच्या टाकीला कमी का करायचं? रेशनला घासलेट मिळेनासं झाल्यापासून एक कॅन त्यांनी जिवासारखं जपलं होतं. ते त्यांनी या टाकीसाठी काढलं.

खडू पांढराफेक राहिला. एक डाग नाही. सर्जेराव एकटेच शेडमध्ये उभं राहून खूश झाले.

मग धुणं. कढत पाणी, धुण्याचा सोडा, तीन वेळा. दर वेळी झाकण काढून त्यांनी टाकीच्या तोंडात नाक घातलं, दीर्घ श्वास घेतला. काही नाही. निव्वळ पत्र्याचा गारवा. "झालं," ते स्वतःशीच म्हणाले आणि जावयांना फोन लावला.

अविराजरावांनी टाकी बसवली तेव्हा त्यांच्या नाकाला काहीतरी लागलं होतं. पण जावई माणूस. सासऱ्यानं आठ दिवस खपून केलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? नव्या वस्तूला वास असतोच, असं मनाशी म्हणून त्यांनी नटबोल्ट आवळले.

मे महिन्यातल्या रविवारी बिऱ्हाड पहिल्यांदा रस्त्याला लागलं. लांब कुठं नाही, पळसदेवला. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि बुडालेलं देऊळ उघडं पडलं होतं. जयवंताबाई आदल्या संध्याकाळीच माहेराहून आल्या होत्या, त्याही बसल्या. पाण्याकाठी गाडी लावली. आतलं सगळं उन्हानं तापलं होतं. संस्कृती पळत देवळापर्यंत जाऊन आली आणि धापा टाकत म्हणाली, "पाणी."

सर्जेरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः कॉक सोडून पेला भरला. पोरीनं तहानेनं दोन घोट गटागटा घेतले आणि तिसरा थुंकला.

"आजोबा, याला रंगाचा वास येतोय. आमच्या नव्या दाराला यायचा तसला."

"कसला रंग? आन हिकडं." सर्जेरावांनी पेला तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. "काय न्हाय. साधं पानी हाय नुसतं."

वृषालीनं दुसरा पेला भरून नाकाशी नेला आणि तिचा चेहरा उतरला. "तात्या, हे घासलेट आहे."

"खुळी का काय तू? तीनदा धुतलीया मी. अविराजराव, तुमी सांगा."

जावयांनी वास घेतला. खाली मान घालून म्हणाले, "येतोय, तात्या. टाकी बसवतानाही आला होता."

मग कुणी देऊळ बघितलं नाही. वृषालीनं पोरीला पोटाशी धरलं आणि पुढच्या सीटवर बसली, अविराजरावांनी गाडी इंदापूरच्या दवाखान्याकडं वळवली. मागं पलंगावर सर्जेराव आणि जयवंताबाई, आणि बुडाखाली ती टाकी. आतलं पाणी पाट्यांवर आपटून डुबुक डुबुक वाजत होतं. संस्कृती एकदा खोकली, तर सर्जेराव पलंगावरून अर्धे उठले. काविळीतलं तिचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मला कसा न्हाय आला गं वास?" ते बायकोला म्हणाले. "तिन्ही येळेला नाक घातलं मी आत."

जयवंताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमाला येत न्हाय."

"म्हंजी?"

"कसलाच येत न्हाय. कोरोना झाल्यापास्नं. चार वर्सं झाली."

सर्जेरावांना आधी हसूच आलं. "तवा गेला हुता. परत आला की. तुझ्या फोडणीचा वास मला बाहेरच्या खोलीत आला न्हवं का? मीच तुला वराडून सांगितलं."

"ती फोडणी न्हवती. तापल्या तव्यावर पानी पडलं माझ्याकडनं. चर्र वाजलं. तुमी आवाज ऐकला आन् वास आला म्हनलात."

गाडी खड्ड्यातून गेली. दोघंही हलले आणि परत जागेवर बसले. बासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या तोंडावरचं नाक मेलंय हे त्याला नातीला घासलेट पाजल्यावर कळतंय. त्यांनी हळूच आपला शर्ट नाकाशी धरला. काही नाही. तळहात धरला. काही नाही. खिशातली तंबाखूची पुडी उघडून नाक खुपसलं, तर नुसती हुळहुळ. चार वर्षं ते ताटावर बसून म्हणत आले होते, की आताच्या भाजीला चव नाही, सगळं खतावरचं. कोथिंबिरीला शिव्या घालत होते. दोष कोथिंबिरीचा नव्हताच.

"मग सांगायचं न्हाय मला?"

"कसं सांगू? बरं झाल्यावरबी पंधरा दिवस तुमी शेडकडं फिरकला न्हवता. भिंतीकडं तोंड करून निजायचात. त्या दिशी फोडणीचा वास आला म्हनलात आन् उठलात, दाढी केलीत, किल्ली घेतलीत. म्या म्हनलं, येईल हळूहळू. मंग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

"आन् येवढ्या टाक्या दिल्या मी लोकांला? गावच्या पान्याच्या, दुधाच्या?"

जयवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी येत हुते की. च्या घिऊन."

सर्जेरावांना एकदम सगळं दिसलं. प्रत्येक टाकी तयार झाली की जयवंताबाई चहाची किटली घेऊन शेडमध्ये यायच्या आणि टाकीच्या तोंडाशी वाकून आत बघायच्या. कधी म्हणायच्या, अजून एकदा धुवा, कचरा दिसतोय. यांना वाटायचं, बायकोला आपल्या कामाचं कवतिक आहे. चार वर्षं त्या कवतिकानं यांची छाती फुगलेली. आणि ती बिचारी वास घेत होती. घासलेट पाजल्याइतकंच हेही त्यांना लागलं, खोटं कशाला सांगायचं. या खेपेला ती तेवढी भावाकडं होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी संस्कृतीची, मग पेलाभर प्यायलेल्या सर्जेरावांची छाती तपासली, दोन तास बसवून ठेवलं. पोरीच्या पोटात दोनच घोट गेलेत, उलटी करवू नका, खोकला वाढला तर लगेच आणा, असं सांगून घरी सोडलं. संस्कृती बिस्कीट खात बाहेर आली. सर्जेराव बाकावरून उठले, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायचं त्यांना धाडस झालं नाही.

वृषाली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शेडपाशी उतरवताना ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तात्या, राहू द्या आता. मी प्लास्टिकची मागवते."

"आठ दिस थांब," सर्जेराव म्हणाले. "मग माग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतून काढून घेतलेली टाकी उभी कापली. आतल्या पाट्या त्यांनी जागोजागी टाके मारून बसवल्या होत्या, डिझेलच्या टाकीला मारतात तशा. पाटी आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत घासलेट दडून बसलं होतं. उस्तादानं गळती शोधायला शिकवलं होतं, पिणारा माणूस त्याच्या हिशोबात नव्हता. सर्जेरावांनी पाट्या काढल्या, सगळं घासलं, उन्हात तापवलं, मग सलग जोड देऊन परत बसवल्या. टाकी बंद केली. सोड्याचं कढत पाणी पाच वेळा फिरवलं. या खेपेला गळती पाण्यानंच बघितली. टाकी गच्च भरली आणि दोन दिवस उन्हात ठेवली.

आठव्या दिवशी त्यांनी जयवंताबाईंना शेडमध्ये बोलावलं. त्या पायरीशीच थांबल्या. हातात किटली नव्हती.

"घे वास," सर्जेराव म्हणाले, आणि लगेच त्यांच्या मनात ते आलं. हिनं चार वर्षं आपल्याला सांभाळलं, पण त्यासाठी चार वर्षं खोटं बोलली. आता ही चांगलं आहे म्हणाली, तर ते पाण्यासाठी म्हणाली का आपल्यासाठी, हे आपल्याला कसं कळायचं? नातीच्या घशाशी गाठ आहे. त्यांनी हात पँटच्या खिशात घातले.

"जयवंता, माझ्याकडं बघू नगंस. आठ दिसाची मेहनत बघू नगंस. पोर पिनार हाय हे पानी."

जयवंताबाईंनी झाकण काढलं. पदर मागं सारून वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. शेडवरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. मग त्या उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"येतोय अजून. थोडा. पर येतोय."

सर्जेरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, बायकोचं कुठलंच बोलणं त्यांना इतकं गोड लागलं नव्हतं. त्यांनी कॉक उघडला. ऐंशी लिटर पाणी शेडभर पसरून रस्त्याकडं वाहायला लागलं आणि दोघं चपला हातात घेऊन बाजूला उभे राहिले.

"उद्या परत भरतो," सर्जेराव म्हणाले. "परत सांग."

"सांगीन," जयवंताबाई म्हणाल्या.