पुण्यस्मरणाच्या पानावरचा हात

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मराठीच्या बाईंचा. भोकरच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं, आणि पुढं माझ्या पीएच.डी.चा खर्चही त्यांनीच उचलला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील आठवडी बाजारात चपला शिवतात. नुसते जुने पेपर वाचण्यासाठी मुलाला कुणी पैसे कसे देतं, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

विषय होता, मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत समलिंगी आणि तृतीयपंथी माणसं कशी दिसतात. फेलोशिपच्या मुलाखतीत एक प्राध्यापक म्हणाले, "आपल्याकडं असं काही न्हाईच, तर पेपरात येईल कुठून? फेलोशिपभर चहा पीत बसणार का?" बाकीचेही हसले. फेलोशिप मिळाली नाही. बाई तेव्हा निवृत्त होऊन लातूरला राहत होत्या. त्यांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी देते पेन्शनमधून. सरांना बोलू नको. तू शोध, सापडंल." सर म्हणजे त्यांचे यजमान. काय सापडेल, ते मी विचारलं नाही.

नांदेडच्या एका दैनिकाच्या कार्यालयात माडीवर जुन्या फायलींची खोली आहे. दुपारी तिथं मी एकटाच असायचो. तृतीयपंथी दिसायचे ते मारामारीच्या नाहीतर टिंगलीच्या बातमीत. समलिंगी माणसं कुठंच नव्हती. असंच पानं उलटताना पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत बाईंचा मुलगा दिसला. मी शाळेत असताना तो गेला. अपघात, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. फोटोत तो हसत होता, आणि त्याच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच. त्यापुढं माणूस नव्हता, जाहिरातीची चौकट होती.

पुढच्या वर्षाची फाईल काढली. तोच फोटो, चेहरा जरा पुसट. त्याच्या पुढच्या वर्षी डोळे गेले. मग हसू गेलं. हात मात्र दरसाल काळा होत चालला होता, आणि बोटं खांद्यात जास्त रुतल्यासारखी वाटत होती. अगदी अलीकडच्या फायलीत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग उरला होता, आणि त्या डागाला धरून बसलेला हात. पंखा बंद होता, तरी माझ्या मानेला गार लागलं. मी माझाच खांदा झटकला.

"काय सर, वळखीचं कुणी निघालं काय?" दारातून शिपाईमामांनी विचारलं.

मी न्हाई म्हणालो.

लातूरला बाईंच्या बैठकीत मी त्या सगळ्या झेरॉक्स ओळीनं फरशीवर मांडल्या. आत सरांचा टीव्ही चालू होता. बाई वाकून एकेक बघत गेल्या.

"मूळ फोटो घरात न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनी जाळला. दोघं होते त्यात. पहिल्या जाहिरातीच्या वेळी दुसऱ्याला ह्यांनीच कापायला लावलं. तवापासून मी मागच्या वर्षीचं कात्रण नेते, त्याच्यावरूनच नवी जाहिरात काढतेत."

"आणि हात?"

"कम्प्युटरवरचा पोरगा म्हणला, मॅडम, पुसून टाकू का? म्हणलं, राहू दे. लोकांना वाटतं माझाच हाय. इतका केसाळ हाय का रे माझा हात?" त्या हसल्या.

"तो दुसरा, तुमच्या मुलाचा मित्र होता?"

"मित्र म्हणायचो आम्ही."

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

"जुना विद्यार्थी हाय, भोकरचा."

सर पाणी प्यायला बाहेर आले. माठ कोपऱ्यात होता, वाटेत कागद. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून वळसा घालावा, तसे ते खाली न बघता कागदांच्या कडेनं गेले आणि तसेच परत आले. "अभ्यास चांगला कर," मला म्हणाले. मग टीव्हीचा आवाज वाढला.

"प्रबंधात छाप हे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं दोन जिल्ह्यांतले लोक चहा पिता पिता बघून राहिले. कुणी विचारलं न्हाई, हात कुणाचा."

नांदेडला परतल्यावर प्रबंधाचं ते प्रकरण पुढं सरकेना. त्या जाहिराती समोर ठेवल्या की लिहिणं थांबायचं. बाईंचा मोबाइल सरच उचलतात, म्हणून शेवटी बाईंच्या नावानं रजिस्टर पत्र पाठवलं:

बाई, सादर नमस्कार.

तुम्ही छाप म्हणालात. माझ्या सगळ्या प्रबंधात याहून मोठा पुरावा नाही, हे मला कळतं. तरी ते पान मी थांबवलं आहे. चेहरा तुमच्या मुलाचा आहे, त्याची परवानगी तुम्ही देऊ शकता. हात दुसऱ्याचा आहे. तो माणूस हयात असेल, मुदखेडला म्हणा, लातूरला म्हणा, कुठं संसारात असेल, तर दरसाल त्या सकाळी पेपर उघडून तो स्वतःचाच हात बघत असेल. तुम्ही कात्रण त्याच्यासाठीच नेत होता का, हे मी विचारत नाही. पण त्याला विचारल्याशिवाय मला छापता येणार नाही. सरांना कळून पेन्शनचे पैसे थांबले तर मी शिकवण्या घेईन, त्याची काळजी करू नका. त्याचा पत्ता ठाऊक असेल तर कळवा. मी स्वतः जाईन, आणि हाताकडं न बघता बोलायचा प्रयत्न करीन.

आपला विद्यार्थी